रॉजर जॉन्सन खरंच पांढऱ्या पायाचा होता का?

औंधचा_अण्णा:
२०१५ ला बालेवाडीत एफसी पुणे सिटी या फुटबॉल टीमकडून खेळलेला तो उंच इंग्लिश सेंटर बॅक (मधला डिफेंडर) आठवतोय का कुणाला, रॉजर जॉन्सन? आमच्या ग्रुपवर एक जण म्हणतो तो नुसती पनवती, जिथे जाईल ती टीम रेलिगेट, म्हणजे खालच्या लीगमध्ये. दुसरा म्हणतो त्याने वेम्बलीवर आर्सेनलला हरवून कप उचललाय. दोन्ही एकाच माणसाबद्दल कसं काय? जाणकारांनी सांगा, नुसती लिंक टाकून पळू नका.

बालेवाडी_स्टँड:
दोन्ही खरंय आणि मजा म्हणजे एकाच सीझनमधलं आहे. २७ फेब्रुवारी २०११, लीग कप फायनल, बर्मिंगहॅम २ आर्सेनल १. बर्मिंगहॅमच्या झिगिचचा पहिला गोल झाला तो कॉर्नरवर जॉन्सननेच हेडर मारून पुढे दिला होता, आणि शेवटच्या मिनिटाला आर्सेनलचा डिफेंडर आणि कीपर एकमेकांत गोंधळले तेव्हा मार्टिन्सने रिकाम्या गोलात ढकलला. आणि मग मे महिन्यात तीच बर्मिंगहॅम ३९ पॉइंट्सवर खाली!! तिथून तो वुल्व्ह्जला गेला, तिथला मॅनेजर मॅकार्थीने आल्याआल्या कॅप्टन केलं, २०१२ ला वुल्व्ह्ज खाली, २०१३ ला परत खाली, थेट तिसऱ्या पायरीच्या लीग वनमध्ये. सलग तीन वर्षं. त्याआधी २००४ ला वायकॉम्ब आणि नंतर २०१६ ला चार्लटन, हे पण धरा. पनवती म्हणणाऱ्याला तरी काय दोष द्यायचा.

डिफेन्स_फर्स्ट:
हे पायगुण वगैरे सोडा हो, आकडे बघा. बर्मिंगहॅम खाली गेली त्या सीझनला त्यांनी ३८ मॅचमध्ये ३७ गोल मारले, लीगमध्ये सगळ्यात कमी. आता फॉरवर्ड गोल मारत नाहीत तर सेंटर बॅकने काय करायचं? आदल्या वर्षी हाच जॉन्सन आणि सेंटर बॅकला जोडीला स्कॉट डॅन, मागे मँचेस्टर सिटीकडून लोनवर (तात्पुरता उसना) आलेला कीपर जो हार्ट, आणि टीम नववी आली होती, मध्ये सलग १२ लीग मॅच हरली नाही. ती जोडी ज्यांनी पाहिलीय त्यांना विचारा. हवेतला बॉल म्हणजे जॉन्सनचाच. वेग नव्हता, हे मान्य, त्यामुळे लाइन मागे ठेवून खेळणाऱ्या टीममध्येच तो शोभायचा आणि डॅन शेजारी असला की ते झाकलं जायचं.

बालेवाडी_स्टँड:
बरं मग वुल्व्ह्जचं काय, ८२ गोल खाल्ले त्यांनी २०११-१२ मध्ये! तिथे पण फॉरवर्डचीच चूक का? घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमकडून १-५, मॅकार्थीची नोकरी गेली, नंतर त्याच्या जागी आलेल्या टेरी कॉनरला १३ मॅचमध्ये एकही जिंकता आली नाही. कॅप्टन होता ना तो, थोडं तरी त्याच्या नावावर टाका.

डिफेन्स_फर्स्ट:
टाकतो की, वुल्व्ह्जला तो खराबच खेळला. पण पाच रेलिगेशन म्हणजे पाच वेगळी कारणं, सगळं एकाच्या माथी मारायचं ही आपली जुनी खोड.

कोथरूडची_मावशी:
पुण्याचं कुणी बोलतच नाहीये! २०१५ ला डेव्हिड प्लॅट कोच, मुतू, टुन्जाय, झोकोरा, नावं बघून वाटलं यंदा कप आपलाच, आणि आलो आठपैकी सातवे 😄 आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) रेलिगेशन नव्हतं म्हणून वाचलो. बाकी मला विचाराल तर त्या टीममधला खरा क्लास निकी शोरी, लेफ्ट बॅक. रेडिंगने त्याला लेटन ओरिएंटकडून फक्त २५ हजार पाउंडला घेतलेला, २००६ ला १०६ पॉइंट्स करून चॅम्पियनशिप (इंग्लंडची दुसऱ्या पायरीची लीग) जिंकले, आणि २००७ ला नव्या वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध इंग्लंडकडून पदार्पण. जॉन्सन इंग्लंडकडून एकही मॅच खेळला नाही.

औंधचा_अण्णा:
मावशी, शोरी आपल्याकडे होता हे डोक्यातूनच गेलं होतं. त्याच्यावर वेगळा धागा काढा ना, रेडिंगच्या त्या सीझनबद्दल जरा सविस्तर वाचायचंय. पनवतीवाल्याला ३७ गोलांचा आकडा पाठवलाय, अजून ब्लू टिकच आहे.