मॅन्युअलच्या हेडिंगमध्ये कमांडचं पहिलं अक्षर कॅपिटल करावं का?

संत्रापट्टा_वरुड
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत संत्र्याच्या वजनकाट्याला रास्पबेरी पाय (छोटा संगणक) जोडला आहे. त्याचं मॅन्युअल मराठीत लिहून राहिलो. मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडणी दाखवणारा मजकूर) लिहून पँडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं पीडीएफ आणि एचटीएमएल काढतो. काट्यावर झेरॉक्स प्रत असते. कमांड इंग्रजी लिपीतच ठेवल्या. `गिट पुल` (गिट या प्रोग्रामनं फाइलींची नवी आवृत्ती आणायची कमांड) अशा कमांडनं हेडिंग सुरू झालं तर पहिलं अक्षर कॅपिटल घ्यायचं का? आणि वेबवर हेडिंगमधली कमांड पूर्णच कॅपिटल दिसते, मराठी भाग मात्र ठीक. काहून?

दारव्हा_टर्मिनल
नाही घ्यायचं. रास्पबेरी पायवर लिनक्स असते. तिथे गिटचा जी कॅपिटल टाकला की सरळ 'कमांड नॉट फाउंड'. विंडोजवर तेच चालून जाते, म्हणून लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. प्रोग्रामिंगच्या भाषांतही तसंच: पायथनमध्ये `ट्रू`चा टी कॅपिटल, जावास्क्रिप्टमध्ये स्मॉल. जावास्क्रिप्टच्याच `गेटएलिमेंटबायआयडी`मधला शेवटचा डी स्मॉल; तो कॅपिटल केला की फंक्शन सापडत नाही.

प्रॉडक्टचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. 'गिट कशासाठी वापरतात' यात जी कॅपिटल आणि साधा फॉन्ट. टाइप करायची कमांड असेल तर स्मॉल आणि बॅकटिकमध्ये (मार्कडाउनमधली कोडची उलटी खूण).

गूगल, मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही स्टाइल गाइडमध्ये हेडिंगला सेंटेन्स केस (वाक्यासारखं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल) आहे, म्हणून इंग्रजी हेडिंगमध्ये कमांड पहिल्या जागी आली की पंचाईत होते. तिथे आधी क्रियापद घ्या. मराठीत ही भानगडच नाही.

पुलगाव_फ्रंटएंड
कॅपिटल दिसण्यामागे थीमची सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारे नियम) आहे. हेडिंगला टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अप्परकेस, म्हणजे सगळं कॅपिटल दाखवा, असं लावलेलं असणार. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यानं मराठीवर परिणाम शून्य, पण आतला कोड ते वारशानं उचलतो. हेडिंगमधल्या कोड टॅगला टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म नन द्या. सोबत फॉन्ट-साइज १ ईएम (हेडिंगइतकाच) करा, नाहीतर मोनोस्पेस (कोडच्या सारख्या रुंदीच्या फॉन्टची) अक्षरं बारकी दिसतात.

अकोट_मार्कडाउन
भाऊ, एक सवय लावून घ्या: कोडला विभक्ती चिकटवू नका. '`गिट पुल`ने अपडेट करणे' याऐवजी '`गिट पुल` कमांडने अपडेट करणे'. बॅकटिक बंद, स्पेस, मग 'कमांड', 'फाइल' नाहीतर 'फंक्शन', प्रत्यय त्याला. पीडीएफच्या बुकमार्कमध्ये कोड फॉन्ट राहत नाही, नुसता मजकूर उरतो. तिथे 'कमांड' शब्दच वाचणाऱ्याला सांभाळून घेतो. झेरॉक्समध्येही करडी पार्श्वभूमी उडून जाते. ओळख फॉन्टवरून पटली पाहिजे, रंगावरून नाही.

हेडिंगच्या शेवटी महिरपी कंसात हॅश लावून इंग्रजीतला छोटा आयडी (लिंकमध्ये येणारं हेडिंगचं नाव) स्वतः द्या, पँडॉक तो घेते. नाहीतर मराठी हेडिंगवरून आयडी बनतो आणि लिंक कॉपी केली की एकेका देवनागरी अक्षरचिन्हाची ९ चिन्हं होतात. व्हॉट्सॲपवर अशी लिंक अर्ध्यात तुटते ते वेगळंच. शिवाय हेडिंग बदललं की जुनी लिंक मेली.

संत्रापट्टा_वरुड
सीएसएस बदलली, जमलं. काही प्रकरणं ऑफिसातले लोक वर्डमध्ये टाइप करून देतात, तिथे पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होते.

दारव्हा_टर्मिनल
फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथे वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणारी खूण काढा. ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइपमध्ये दोन हायफनचा डॅश करणारी आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करणारी खूणही काढा. या दोन जास्त घातक. कॅपिटल अक्षर निदान नजरेला दिसते, लांब डॅश छापील प्रतीत दोन हायफनसारखाच वाटतो आणि कमांड मात्र चालत नाही.