अनुभव धागा : लहान शहरातील वाहतूक, पार्किंग आणि आपण केलेले अर्ज

आमचे शहर ‘ब’ वर्ग नगरपरिषदेचे आहे. येथे दुचाकी नसलेले घर आता शोधावे लागते, आणि पेठेतले रस्ते मात्र आजोबांच्या वेळच्याच रुंदीचे राहिले आहेत. रस्त्यावरील सुरक्षितता आणि पार्किंग यांविषयी आपण तक्रार केली असेल, तर ती कोणाकडे केली, अर्जात काय लिहिले आणि रस्त्यावर प्रत्यक्ष काय बदलले, हे येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. शहराचे किंवा अधिकाऱ्यांचे नाव नको; पद लिहिले तरी पुरे. प्रारंभ मी करतो.

धागाकर्ता

आमच्या घराजवळच्या शाळेसमोरून जिल्हा मार्ग जातो. तेथे गतिरोधक हवा, असा अर्ज मी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना दिला, तेव्हा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असल्याचे कळले. त्या विभागाने वाहतूक शाखेचा अभिप्राय मागितला आणि वाहतूक शाखेने संयुक्त पाहणीची अट घातली. तिन्ही उत्तरे नियमाला धरूनच होती. तरीही माझा कागद सात महिने फिरत राहिला.

दरम्यान कंटाळलेल्या काही रहिवाशांनी एका रात्री खडी आणि डांबर टाकून स्वतःच उंचवटा तयार केला. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाची रुंदी 3.7 मीटर आणि मधली उंची 10 सेंटिमीटर सांगितली आहे, म्हणजे वाहन ताशी सुमारे 25 किलोमीटर वेगाने त्यावरून सुखरूप जावे. आमचा उंचवटा उंचीला तेवढाच होता, पण रुंदीला जेमतेम दोन वीत भरला असता. चौथ्याच दिवशी दुचाकीवर मागे बसलेल्या एक आजी तेथे पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. उंचवटा टाकला त्या रात्री घमेले उचलणाऱ्यांत मीही होतो. आजींच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली.

त्यानंतरचा अर्ज मी निराळ्या रीतीने लिहिला. सहा दिवस शाळा भरताना आणि सुटताना फाटकापाशी उभे राहून मुले नेमकी कोठून रस्ता ओलांडतात, बस कोठे थांबते आणि वळणावरची वाहने किती अंतरावरून दिसू लागतात, हे नोंदवले, हाताने नकाशा काढला आणि एकाच अर्जाच्या प्रती तिन्ही कार्यालयांना देऊन प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घेतला. संयुक्त पाहणी पाच आठवड्यांत झाली. पाहणीत असे ठरले की गतिरोधक फाटकासमोर नको, तर वळणाच्या अलीकडे हवा. मी स्वतः पूर्वी चुकीची जागा मागत होतो. आता गतिरोधक आहे, फलक आहे आणि झेब्रा पट्टेही आहेत. पावसाळ्यात पट्टे पुसले जातात, म्हणून दर दिवाळीनंतर रंगकामाचा अर्ज नव्याने द्यावा लागतो.

निवृत्त शिक्षिका, कृष्णाकाठचे शहर

आमच्या पेठेत सम-विषम तारखांचे पार्किंग सुरू करण्यापूर्वी हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे होते की दुकानासमोर गाडी लावता आली नाही, तर गिऱ्हाईक येणार नाही. मी आठवडाभर सकाळी फिरताना पाहिले, तर दुकाने उघडतानाच निम्म्याहून अधिक जागा मालकांच्या आणि नोकरांच्या गाड्यांनी भरलेली असे, आणि त्या गाड्या रात्रीपर्यंत हलत नसत. हे मी हरकतींच्या सुनावणीत सांगितले, तेव्हा प्रथम सभागृहात नाराजी उमटली. परंतु दोन ज्येष्ठ दुकानदारांनी उभे राहून ते मान्य केले. त्यांच्याच पुढाकाराने दुकानांतील मंडळींच्या गाड्या आता जुन्या भाजी मंडईच्या मोकळ्या जागेत लागतात. आठवडे बाजाराच्या दिवशी ही व्यवस्था कोलमडते, कारण त्या दिवशी ती मोकळी जागाच विक्रेत्यांना लागते. विक्रेत्यांना हटवावे, असे मला मुळीच वाटत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी

माझी दुचाकी उचलून नेली. ‘नो पार्किंग’चा फलक वाढदिवसाच्या फ्लेक्समागे झाकला गेला होता. दंड भरला, छायाचित्रासह अर्ज दिला आणि आठ दिवसांत फ्लेक्स निघाला.

निवृत्त पोलीस हवालदार, वाहतूक शाखा

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 117 प्रमाणे वाहनतळाच्या जागा स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवायच्या असतात, आणि कलम 116 मध्ये वाहतुकीचे फलक लावण्याचा अधिकार कोणाला आहे, ते दिले आहे. त्यामुळे एखाद्या नगरसेवकाने किंवा सोसायटीने आपल्या खर्चाने ‘नो पार्किंग’चा फलक लावला, तर तेवढ्यावर कारवाई करता येत नाही. नागरिकांनी फलकाची मागणी करताना त्यामागील अधिकृत आदेशाची मागणी करावी आणि निघालेल्या आदेशाची प्रत जपून ठेवावी.

2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 177 खालील, म्हणजे चुकीच्या पार्किंगलाही लागू होणारा, दंड पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी 1500 रुपयांपर्यंत आहे. मी हजारो पावत्या फाडल्या असतील. पावतीने रस्ता त्या दिवसापुरता मोकळा होतो, गाडी लावायला जागा मात्र त्यातून निर्माण होत नाही, हे नोकरीत असताना मला रोज जाणवत असे.

गृहिणी, विदर्भातील शहर

हे लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिते. आमच्या गल्लीत रात्री दोन्ही बाजूंना मोटारी लागत. सासऱ्यांना छातीत दुखू लागले, त्या रात्री रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली आणि त्यांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागले. ते वाचले. त्यानंतर मी माहितीच्या अधिकारात गल्लीतील इमारतींचे मंजूर नकाशे मागितले. बहुतेक इमारतींच्या तळमजल्यावर वाहनतळ दाखवलेला होता आणि प्रत्यक्षात तेथे भिंती घालून गाळे काढलेले होते. आमच्या स्वतःच्या इमारतीतही तसाच एक गाळा होता आणि त्याचे भाडे आमच्याच घरात येत होते.

घरात मोठे वाद झाले. शेवटी सासऱ्यांनीच गाळेकऱ्याला सहा महिन्यांची मुदत दिली, भिंत पाडली, आणि मगच मी इतर इमारतींविषयी नगरपरिषदेकडे तक्रार केली. दोन इमारतींना नोटिसा गेल्या आहेत. शेजारच्या काकू माझ्याशी बोलत नाहीत, याचे दुःख आहे. पण आमच्या तळमजल्यावर आता पाच मोटारी आत लागतात आणि तेवढी गल्ली मोकळी झाली आहे.

अभियंता, डेल्फ्ट (नेदरलँड्स)

मी राहतो ते शहरही लहानच आहे. घरांसमोरचा रस्ता हे रहिवाशांचे अंगण आहे, असे मानून आखलेल्या ‘वोनेर्फ’ गल्ल्या येथे रुजल्या आणि 1976 मध्ये त्यांना देशाच्या कायद्यात स्थान मिळाले. अशा गल्लीत मोटारीने चालण्याच्या वेगाने जायचे असते आणि आखून दिलेल्या चौकटीबाहेर ती उभी करता येत नाही. झाडे, बाके आणि मुद्दाम दिलेली वळणे यांमुळे वेग आपोआप उतरतो. माझ्या आजोळच्या बोळांतून मोटार मुळात वेगाने जाऊच शकत नाही. तेथे चौकटी आखण्यापुरते तरी काम व्हावे, असे मनापासून वाटते.

दोन मुलांची आई, कोकणातील शहर

शाळेच्या फाटकासमोरील कोंडीविषयी आम्ही पालकांनी वाहतूक शाखेला पत्र दिले. पाहणीला आलेल्या महिला हवालदारांनी आम्हाला फक्त पंधरा मिनिटे फाटकाजवळ उभे केले. कोंडी करणारी जवळजवळ सगळी वाहने आमचीच होती. आता गाड्या मैदानाजवळ थांबवायच्या आणि मुलांना तेथून चालत सोडायचे, असे ठरले आहे. दोन पालक आळीपाळीने रस्त्यावर उभे राहतात. पाऊस सुरू झाला की निम्मे पालक पुन्हा फाटकापर्यंत येतात. तेवढ्यासाठी मैदानापासून फाटकापर्यंत पत्र्याची शेड मिळावी, असा अर्ज मागच्या सोमवारी नगरपरिषदेत दिला आहे.