बसएवढ्या मुंग्या आणि अर्धा पडदा: 'अर्थ डिफेन्स फोर्स' खेळलेल्यांनो, लिहा

मंडळी, बरेच दिवस मनात होतं. 'अर्थ डिफेन्स फोर्स' ज्यांनी घरच्या कन्सोलवर खेळलाय, त्यातही कुणाला तरी शेजारी बसवून खेळलाय, त्यांनी आपापले अनुभव इथे लिहावेत. कुठलाही भाग चालेल, कितीही लिहा.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. जपानमध्ये डी-थ्री पब्लिशरची 'सिंपल २०००' नावाची मालिका होती. प्लेस्टेशन २ साठीचे गेम, किंमत २००० येन. किंमतच नावात. २००३ साली या मालिकेतला ३१ वा गेम म्हणून सँडलॉट या स्टुडिओनं 'चिक्यू बोएइगुन' आणला, म्हणजे पृथ्वी संरक्षण दल. युरोपात तोच 'मॉन्स्टर अटॅक' या नावानं गेला. २००५ मध्ये दुसरा भाग आला, तोही याच स्वस्त मालिकेत. मग २००६ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० वर 'अर्थ डिफेन्स फोर्स २०१७' आला आणि जपानबाहेरच्या बऱ्याच लोकांची ओळख तिथून झाली. माझीही.

गोष्ट एवढीच: परग्रहवासी येतात, त्यांच्या तबकड्यांमधून बसएवढ्या मुंग्या पडतात, आणि आपण बंदूक घेऊन रस्त्यावर असतो. मिशनला जाताना दोनच हत्यारं नेता येतात. एवढ्यावर ५३ मिशनं.

मी आणि धाकटा भाऊ, दोघांनी मिळून तो खेळलो. पडदा अर्धा त्याचा, अर्धा माझा. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगतो. मेलेल्या शत्रूंमधून खोकी पडतात. लाल खोक्यानं चिलखत कायमचं वाढतं, हिरव्यात हत्यार असतं, पांढऱ्यानं जखमा भरतात. पण शेवटचा शत्रू मेला की मिशन तिथल्या तिथे संपतं आणि जमिनीवर उरलेली खोकी गेली ती गेलीच. त्यामुळे आमचं ठरलेलं असायचं, शेवटची एक मुंगी जिवंत ठेवायची. भाऊ तिला घेऊन एका इमारतीभोवती गोल गोल पळायचा, ती मागून आम्ल उडवायची, आणि हा गोळी न झाडता नुसता उड्या मारत कोलांट्या घ्यायचा. मी तोवर आख्खं शहर पालथं घालून खोकी वेचायचो. 'दादा, लवकर! दादा, मरतोय मी!' आणि मी, 'दोनच राहिली, थांब, नदीपलीकडची दोनच.' खोक्यातून कोणतं हत्यार निघालं ते मिशन संपल्यावरच कळायचं. ती यादी वर सरकताना आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो.

आता तुम्ही लिहा.

*

मी हा गेम भाच्यामुळे खेळले. त्याआधी कंट्रोलर हातात धरला नव्हता. एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, हे जमेपर्यंत माझी नजर कधी आकाशात तर कधी पायाशी. भाच्यानं खूप धीर धरला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. 'मावशी, आधी नुसती चाल. मुंग्या मी बघतो,' म्हणाला, आणि खरंच पहिली दोन मिशनं त्यानं माझ्या भोवती फिरत सांभाळली.

तिसऱ्यात त्यानं मला रॉकेट लाँचर दिला. मी मुंगीवर धरला, लागला मागच्या इमारतीला, आणि ती आख्खी इमारत धुरळा उडवत खाली बसली. माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं. मला वाटलं, संपलं सगळं, हरलो. भाचा म्हणाला, 'इमारती पाडल्या तर काही होत नाही, मावशी. पाड.' त्या एका 'पाड'नं माझी भीती गेली. चुकलं तरी ओरडणारं कुणी नाही, लगेच दुसरा डाव मांडता येतो, असं शिकायला मोठेपणी फारसं कुठे मिळतं?

पुढे एकदा त्यालाच रॉकेट बसलं. या गेममध्ये आपल्या माणसालाही आपली गोळी लागते. तो हवेत उडाला, पडला, उठला आणि म्हणाला, 'आता मी पुढे असलो की रायफल घे.' तेव्हापासून तो पुढे असेल तर माझ्या हातात रायफल. आता तो लांब असतो. सुट्टीत आला की आम्ही जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू करतो.

*

मी ग्राफिक्सचं प्रोग्रॅमिंग करतो, म्हणून एका गोष्टीबद्दल लिहितो. जुन्या भागांमध्ये मोठा स्फोट झाला, चाळीसेक मुंग्या एकदम उडाल्या, बाजूची इमारत कोसळली, की आख्खा खेळ संथ होतो. बरेच जण याला दोष म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची म्हटली तर एका चित्रामागे साधारण ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रत्येक मुंगी कुठे पडली, कुठे आदळली, धूर किती थरांचा, सगळा हिशेब व्हायला हवा. नाही झाला तर दोन रस्ते असतात. मधली चित्रं गाळायची, म्हणजे खेळ आपल्या वेगानं चालतो पण धक्के बसतात. नाहीतर खेळातलं घड्याळच हळू करायचं. इथे दुसरं होतं. म्हणून तो क्षण तुटत नाही, ताणला जातो.

आणि खेळताना ते कसं वाटतं? मुंग्यांची लाट चाळीस पावलांवर आलेली असते, तुम्ही शेवटचं रॉकेट सोडता, आणि मग सगळं संथ. पाय वर करून हवेत फिरणारी एक एक मुंगी वेगळी दिसते. मी कितीतरी महागडे गेम पाहिलेत जिथे शत्रू देखणे आहेत पण एका वेळी आठच येतात. या स्टुडिओनं चेहरे, संवाद, रस्त्यावरची झाडं यांवर हात आखडता घेतला आणि सगळी शक्ती गर्दीवर लावली. पैसा कमी असताना कशावर खर्च करायचा, याचा इतका स्पष्ट निर्णय मला फार थोड्या गेममध्ये दिसला. माझ्या कामात अडलो की मला हे आठवतं.

*

सगळे कौतुक करताय, मला थोडं वेगळं म्हणायचंय. '२०१७' मला आवडतो, पण त्यातली वाहनं नाही आवडली. रणगाडा वळायला इतका वेळ घेतो की तोवर मुंग्या वर चढलेल्या असतात. आणि भुयारातली मिशनं! अंधार, मुंग्या भिंतीवर, छतावर, आणि कोळ्यांचे धागे कुठून आले ते कळेपर्यंत अंगभर. मी ती मिशनं सोप्या पातळीवर उरकली आणि परत गेलो नाही. उघड्या शहरात हा गेम फुलतो, बंद जागेत गुदमरतो असं माझं मत.

*

पंखवाल्या मुलीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? दुसऱ्या भागात 'पेल विंग' आली, पुढे २०१३ च्या '२०२५' पासून 'विंग डायव्हर' या नावानं. मी दुसरं कुणी घेतच नाही.

तिचं उडणं आणि तिची बरीचशी हत्यारं एकाच ऊर्जेवर चालतात. वर जाल तर झाडायला कमी, झाडाल तर वर राहायला कमी. आणि पडद्यावरची ती ऊर्जेची पट्टी पूर्ण रिकामी झाली तर संपलंच: पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत ना उडता येतं ना ती हत्यारं चालतात. आवाज येत राहतो आणि आपण गर्दीत नुसतं पळायचं.

मला एक मिशन अजून जसंच्या तसं आठवतं. कोळी होते, खूप. मी एका उंच इमारतीच्या गच्चीवर उतरून दम घेत होते, पट्टी अर्धी भरलेली. तेवढ्यात जोडीदाराच्या रॉकेटनं तीच इमारत खालून ढासळली. पायाखालची गच्ची गेली. मी अर्ध्या पट्टीवर उडाले, पुढची इमारत लांब, तिच्या पुढची अजून लांब. बोट सोडायचं, थोडं पडायचं, पुन्हा दाबायचं, थोडं पडायचं. पट्टीत नखभर लाल उरलं असताना कठड्यावर पाय टेकले. जोडीदार, म्हणजे माझा नवरा, शेजारी बसून 'टेकली, टेकली!' ओरडत होता, स्वतःच्या अर्ध्या पडद्याकडे न बघता. त्याला तेवढ्यात कोळ्यांनी मारलं.

*

माझ्याबरोबर शेजारी बसून खेळणारं कुणी नव्हतं. '४.१' हा भाग प्लेस्टेशन ४ वर घेतला तो एकट्यानं खेळायचा म्हणूनच. ऑनलाइन चौघांची खोली असते, तिथे एकदा सहज गेलो. तिघंही जपानी असावेत. बोलता येत नव्हतं, पण गेममध्ये तयार वाक्यं असतात: मदत करा, आभार, चला. आणि दलाचा नारा, म्हणजे इंग्रजी नावाची आद्याक्षरं. 'ई-डी-एफ! ई-डी-एफ!' एकानं दिला की बाकीचे देतात. गाणंसुद्धा आहे, तुटक तुटक ओळी म्हणायच्या.

मी 'एअर रेडर' होतो, म्हणजे स्वतः फारसं झाडायचं नाही, विमानांना खुणा करून बॉम्ब मागवायचे. नवखा असल्यानं पहिलीच खूण चुकीच्या जागी केली आणि आमच्यातला एक जण त्यात पडला. मी 'माफ करा' दाबलं. तो जमिनीवर पडूनच 'आभार' म्हणाला. दुसऱ्या खेळाडूनं त्याला उठवलं, आणि उठल्या उठल्या त्यानं नारा दिला. आम्ही त्या रात्री नऊ मिशनं खेळलो. त्यांची नावं मला वाचता येत नव्हती, आवाजही ऐकला नाही. पण चौथ्या मिशनपासून मला कळायला लागलं होतं की ढालवाला 'फेन्सर' नेहमी डावीकडून जाईल आणि मी उजवीकडे बॉम्ब टाकला तर तो सुरक्षित राहील. त्यालाही ते कळलं होतं, कारण तो मग डावीकडे जाण्याआधी क्षणभर थांबून माझ्याकडे वळायला लागला.

*

'इन्फर्नो' या सगळ्यात कठीण पातळीवर अडकलेल्यांसाठी दोन ओळी. पातळी जितकी कठीण तितकी हत्यारं चांगली मिळतात, म्हणून सगळी 'इन्फर्नो' एका दमात करायची जिद्द धरू नका. जे मिशन जमतंय तेच पुन्हा पुन्हा खेळून चिलखत आणि हत्यारं साठवा. मोठी तबकडी खालचं दार उघडते तेवढाच वेळ तिला इजा होते, तेव्हा तिच्या अगदी पोटाखाली उभं राहायची तयारी ठेवा. बाहेरून हजार गोळ्या वाया जातात. मला हे कळायला महिना लागला.

*

इथलं वाचून बहिणीबरोबर सुरू करावंसं वाटतंय. दोघींनीही एकही भाग खेळलेला नाही. कुठून सुरू करू? आणि अर्ध्या पडद्यावर खेळताना काही लक्षात ठेवायचं का?

*

ताई, '५' हा भाग घ्या. त्यात साधा सैनिक, म्हणजे 'रेंजर', धावू शकतो. आधीच्या भागांची सवय नसेल तर चालत चालत शहर ओलांडणं कंटाळवाणं होईल. पातळी 'नॉर्मल' ठेवा, एकीनं रेंजर, एकीनं विंग डायव्हर घ्या, म्हणजे दोघींचं खेळणं वेगळं राहील. रॉकेट झाडण्याआधी बहीण कुठे आहे ते तिच्या पडद्यावर बघा. टीव्हीपासून नेहमीपेक्षा थोडं जवळ बसा, अर्ध्या पडद्यावर रडार फार बारीक दिसतं. त्यात लाल ठिपके शत्रूंचे आणि हिरवे खोक्यांचे. शेवटचा एकच लाल ठिपका उरला की बहिणीला सांगा, थांब, मारू नकोस, आणि मग निवांत हिरवे वेचा.