'मी येतो' म्हणणारी मी आणि 'मी येते' म्हणणारी मी: यांतली खरी कोणती?

रंकाळाकाठ (प्रश्न):
माझे बालपण शिवाजी पेठेत गेले. आमच्या घरात आजी, आई, आत्या सगळ्याच 'मी जातो', 'मी आलो' असे बोलतात. कोल्हापूरकडच्या बायकांची ही बोली इथल्या वाचकांना नवी नाही. नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर 'मी जाते' माझ्या तोंडी कधी बसले ते मला कळलेही नाही. गेल्या महिन्यात कार्यालयात आईचा फोन आला, मी सवयीने "शनिवारी येतो की गं" म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. तेव्हापासून मी आईचा फोन घ्यायला जिन्यात जाते. उलट सणाला घरी गेले, तर 'मी करते' ऐकून चुलत बहीण म्हणाली, "पुण्याची झालीस की!" दोन्हीकडे मी नाटकच करते आहे, असे वाटू लागले आहे. माणसाची स्वतःविषयीची कल्पना घडते तरी कशी, आणि या दोघींतली खरी मी कोणती, यावर जाणकारांनी लिहावे.

विंगेतून:
समाजशास्त्र शिकवत असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये आरशाची उपमा दिली होती. आपण समोरच्याला कसे दिसत असू, तो आपल्याविषयी काय मत करत असेल, याची आपण कल्पना करतो आणि त्या कल्पनेतून अभिमान किंवा शरम वाटते. यातूनच 'मी' आकाराला येतो, असे त्यांचे म्हणणे. यात मेख अशी, की आरशात दिसते ते समोरच्याचे खरे मत नसते, आपण बांधलेला त्याचा अंदाज असतो. ते दोघे बोलीला हसले की त्यांच्याच एखाद्या गोष्टीला, हे आपण विचारले होते का?

तुमच्या जिन्याविषयी मात्र समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांच्याकडे जावे लागेल. १९४९ ते १९५१ या काळात ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर राहिले. तिथल्या छोट्या हॉटेलात पाहुण्यांसमोर अदबीने वावरणारी मंडळी स्वयंपाकघरात शिरताच गावच्या रीतीने बोलू-वागू लागतात, हे त्यांनी टिपले. लोकांसमोर वावरतो तो रंगमंच आणि त्यांच्या नजरेआड मोकळे होतो ती विंग, ही त्यांची मांडणी त्यानंतरची. त्यांच्या मते माणूस एकेका प्रेक्षकवर्गाला दुसऱ्यापासून वेगळा ठेवण्याची धडपड करतो, आणि ते वर्ग अवचित एकत्र आले की ओशाळतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले: आई आणि कार्यालय एकाच क्षणी समोर आले. बोली बदलते याचा हा त्रास नव्हे.

गल्ल्यावरून:
मला 'नाटक' हा शब्दच खटकला. महाद्वार रोडवरच्या आमच्या साड्यांच्या दुकानात मी तीस वर्षे बसते. (बोलताना 'बसतो' म्हणाले असते; लिहिताना हात आपोआप 'बसते'कडे वळला, आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंचाही वळलेला दिसतो.) अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गिऱ्हाइकाला मी 'दाखवते' म्हणते आणि गल्लीतल्या बाईला 'दावतो'. यात मी कोणाला फसवत नाही. समोरच्याला परके वाटू नये, एवढाच हेतू असतो. सरांचे आरशाचे म्हणणे पटले, पण सगळे आरसे सारख्या वजनाचे नसतात. बहिणीने तुम्हाला चिडवले, तरी तुम्ही तिच्यापासून लपून फोन घेऊ लागला नाहीत. कार्यालयातल्या हसण्यामागे मात्र शाळेच्या पुस्तकातली भाषा उभी असते, म्हणून ते लागते.

आपण:
'येतो' हीच खरी, असा निष्कर्ष कोणी घाईने काढू नये. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी स्वत्वाचे दोन पैलू मानले: इतरांच्या अपेक्षा आत घेऊन बसलेला एक, आणि त्या अपेक्षांना क्षणोक्षणी उत्तर देणारा दुसरा. फोनवर न ठरवता निघालेले 'येतो की' हे त्या दुसऱ्याचे उत्तर म्हणता येईल. पण तो शब्द आला आजी-आत्यांकडून, म्हणजे तोही आधी इतरांचाच होता. पुण्याचा आरसा उशिरा मिळाला, म्हणून तेवढाच डोळ्यांत भरतो. जाता जाता एक निरीक्षण: मराठीत 'आपण' म्हणजे स्वतः आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे, आणि कोल्हापुरात एकटा माणूसही "आपल्याला नाही जमत" असे म्हणतो.

रंकाळाकाठ:
सर्वांचे आभार. ते दोघे नेमके कशाला हसले, हे मी खरोखरच विचारले नव्हते. प्रेक्षक वेगळे ठेवण्याचा मुद्दा वाचून व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस आठवले: तिथे आत्या, चुलत बहीण आणि कार्यालयातले साहेब एकाच रांगेत बसलेले असतात, आणि म्हणूनच बहुधा गेले वर्षभर मी तिथे एक वाक्यही लिहिलेले नाही, फक्त फुलांचे फोटो टाकते. आईला हा धागा वाचून दाखवला, तेव्हा तिने एवढेच विचारले, "जिन्यात रेंज तरी येते काय गं?" येत नाही. निम्मे बोलणे तुटते.