‘मिळत्याजुळत्या’ प्रतिक्रिया म्हणजे नक्की कशा?

इंदुरी पोहे

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी भाचीने बियॉन्से या अमेरिकी गायिकेवर दोन पानं लिहून दिली. विषय मार्च २०२४ मध्ये आलेला ‘काऊबॉय कार्टर’ हा अल्बम. त्यात एक वाक्य होतं: “पॉप गाणाऱ्या बियॉन्सेने कंट्रीची वाट धरली, त्यावर रसिकांच्या मिळत्याजुळत्या प्रतिक्रिया आल्या.” (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं गाणं.) मी ते डोळे झाकून पास केलं. प्रुफं पुण्याच्या थोरल्या ताईकडे गेली आणि तिचा भाचीला फोन आला. “सगळ्यांचं एकच मत होतं म्हणतेस, मग पुढचं अर्धं पान भांडण कसलं लिहिलंयस?”

मला आणि भाचीला क्षणभर कळेचना, ही काय म्हणतेय. इकडे इंदुरात पेपर हिंदी, शेजार हिंदी, ‘मिली-जुली प्रतिक्रिया’ आणि ‘मिली-जुली सरकार’ वाचत आम्ही वाढलो. तेच डोक्यात मराठी होऊन बसलंय. मराठीत मिळतंजुळतं म्हणजे सारखं, बहिणीबहिणींच्या चेहऱ्यांसारखं. अर्थ थेट उलटाच झाला की भिया!

तर ‘मिली-जुली’ला आपला शब्द कोणता? आणि गाण्याची पद्धत बदलली, याला काय म्हणायचं? भाचीने ‘शैलीपरिवर्तन’ लिहिलंय. मला ते सरकारी योजनेचं नाव वाटतं.

सदाशिव पेठ

संमिश्र. संपली चर्चा.

लष्करचा माणूस

संपली कशी? नाटक बघून आलेला माणूस सांगतो, पहिला अंक रंगला, दुसरा रेंगाळला. ही संमिश्र प्रतिक्रिया. एकाच मनात दोन्ही. बियॉन्सेच्या बाबतीत प्रकार वेगळा होता. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात ती २०१६ साली डिक्सी चिक्स या कंट्री बँडबरोबर गायली, तेव्हाच ‘ही इथे कशाला’ अशी ओरड झाली होती. २०२४ ला त्याच पुरस्कारांत ‘काऊबॉय कार्टर’ला एकही नामांकन नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी त्यालाच सर्वोत्तम कंट्री अल्बम ठरवलं, वर वर्षातला सर्वोत्तम अल्बमही. याला मिश्रण म्हणायचं? हे तेल आणि पाणी झालं. सरळ लिहा, दोन तट पडले.

‘दुमत’ सुचवणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: हा शब्द आपण बहुतेक नकारातच वापरतो. ‘याबद्दल दुमत नाही’ सर्रास ऐकू येतं. ‘काल आमचं दुमत झालं’ असं कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

आणि गाण्यात ‘मिश्र’ला कमीपणा नसतो, हेही लक्षात असू द्या. मिश्र पिलू, मिश्र खमाज, मिश्र मांड. भेसळ केली म्हणून आमच्या ग्वाल्हेरातसुद्धा कुणी मैफल सोडून उठत नाही.

इंदुरी पोहे

तट पटला. दुसऱ्या प्रश्नाचं काय? मला ‘ढंग’ बरा वाटत होता. ‘नव्या ढंगात बियॉन्से.’

सदाशिव पेठ

नको. पुण्यात ‘काय एकेक ढंग आहेत हिचे’ असं नाक मुरडून म्हणतात.

इंदुरी पोहे

आमच्याकडे ‘ढंग से काम कर’ म्हणजे नीट काम कर. इथेही उलटंच!

देवास नाका

या वाक्यात नामापेक्षा क्रियापदच जास्त बोलतं. ‘कात टाकली’ लिहिलंत की कौतुक होऊन गेलं, ‘वाट सोडली’ लिहिलंत की ठपका. ‘सूर बदलला’ तर अजिबात नको, त्याचा गाण्याशी संबंधच उरत नाही, माणूस शब्द फिरवतोय असं वाटतं. अमेरिकी लोकगायक बॉब डिलनने १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि हुर्यो उडाली. पुढच्या वर्षी मँचेस्टरला प्रेक्षकातून कुणीतरी ‘जुडास’ म्हणून ओरडलं. म्हणजे आपल्या भाषेत घरभेदी. त्या माणसाच्या लेखी तो शैलीतला बदल नव्हताच, फितुरी होती.

बियॉन्सेचं तर आणखी गुंतागुंतीचं. ती मुळची टेक्सासातल्या, म्हणजे कंट्रीच्याच मुलखातल्या, ह्यूस्टनची. तिचे चाहते म्हणतात, ती कुठे गेली नाही, घरी आली. तिथे ‘परिवर्तन’ लिहून तुम्ही नकळत एका तटात जाऊन बसता.

माझं मत ‘बाज’ला. तबल्याचा दिल्ली बाज, पूरब बाज. सतारीचा मसीतखानी बाज, रजाखानी बाज. सतारीच्या मुख्य तारेलाही बाजाची तार म्हणतात. वाजवण्याची तऱ्हा हा अर्थ तिथे आहेच. मराठीत तो गळ्यालाही लागला, लेखणीलाही: लावणीचा बाज, ललितलेखाचा बाज. शिवाय बाज बदलला तरी माणूस तोच राहतो. कुमार गंधर्व मूळचे कर्नाटकातले, शिकले मुंबईत देवधरांकडे. क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला आले, माळव्याची लोकगीतं कानावर पडली आणि पुन्हा गायला बसले तेव्हा गाणं निराळं होतं. त्यांच्याबद्दलही जाणत्यांत तट होतेच. ‘घराणं कुठलं’ हा प्रश्न काहींचा शेवटपर्यंत सुटला नाही. (आमचे वडील दोन्ही तटांत होते. सकाळी एका, रात्री दुसऱ्या.)

सदाशिव पेठ

बाज म्हटलं की मला आजीची सुंभाची खाट आठवते.

लष्करचा माणूस

मग त्यावर पडून ऐका.

इंदुरी पोहे

हिंदीत ‘बाज आना’ म्हणजे नाद सोडणं. कॉलनीतली निम्मी मंडळी तसंच वाचतील, पण तो धोका पत्करतो. वाक्य असं छापायला दिलं: “बियॉन्सेने कंट्रीचा बाज धरला आणि रसिकांत दोन तट पडले.” ताईने पास केलं, ‘धरला’खाली पेन्सिलीची एक रेघ ओढून.

अडली ती भाचीच. म्हणते, “मामा, मी कुठल्याच तटात नाही. सत्तावीस ट्रॅकपैकी काही मला फार आवडले, काही मध्येच बंद केले. मग माझी प्रतिक्रिया संमिश्रच ना?”

तिच्या शेवटच्या परिच्छेदात ‘संमिश्र’ राहू दिलाय. सदाशिव पेठेने तेवढ्यावर समाधान मानावं.