छापा-काट्याच्या पैजेत मागून निवडणारा वरचढ कसा?

प्रश्न (सीताबर्डी, नागपूर): पैज संत्रा बर्फीची. एकाने तीन फेकींचा क्रम सांगायचा, मग दुसऱ्याने वेगळा. नाणं उडवत राहायचं, ज्याचा क्रम आधी पडेल तो जिंकला. मी छछक घेतो (छ छापा, क काटा), समोरचा कछछ. दोन्हींची शक्यता १/८. एक्सेलमध्येही बरोबरीच दिसते, पण पोह्याच्या गाडीवर तोच जिंकतो. राजेहो, नाणं खोटं आहे काय?

उत्तर १: नाणं खरंच आहे. १/८ हे तीनच फेकींपुरतं. इथं शर्यत आहे. पहिल्या दोन फेकी बघा. छछ पडलं तर तुम्ही जिंकलात, कारण पुढे पहिला काटा पडला की छछक पूर्ण, आणि तोवर काटाच नाही तर कछछ येणार कुठून? याची शक्यता १/४. पण पहिल्या दोनांत एक जरी काटा आला तर तुमचं संपलं. त्यानंतर जेव्हा केव्हा पहिल्यांदा दोन छापे जुळतील, त्यांच्या लगेच आधी काटा असणारच. तुमचं छछ जमतं त्याच फेकीला त्याचं कछछ पूर्ण. ३ ला १. गंमत म्हणजे एकेकटा क्रम पडायला दोघांनाही सरासरी ८ फेकीच लागतात.

उत्तर २: एक्सेलमध्ये तीन-तीनचे तुकडे पाडले असणार. छकछ । छकक यात २ ते ४ फेकींत कछछ आहे, पण रेघेवर तुटलं. फेकी एका रांगेत ठेवा, प्रत्येक फेकीनंतर शेवटच्या तीन तपासा, डाव संपला की जुन्या फेकी टाकून द्या. १००० डावांत कछछ ७५० च्या आसपास जिंकेल.

उत्तर ३: हा पेनीचा खेळ, वॉल्टर पेनी यांनी १९६९ मध्ये मांडलेला. युक्ती अशी: समोरच्याच्या क्रमातलं शेवटचं अक्षर काढा आणि मधल्याचं उलटं सुरुवातीला लावा. छकछ असेल तर छछक घ्या, २ ला १. छछछ घेणाऱ्याचं तर विचारूच नका, कछछ समोर ७ ला १ ने हरतो. सर्वांत भारी क्रम शोधत बसू नका: कछछ हरवतो छछकला, छछक छककला, छकक ककछला, आणि ककछ परत कछछला!

प्रश्नकर्ता: म्हणजे त्यालाच आधी बोलायला लावायचं. तोही अडून बसला तर?

उत्तर १: दोघांनी चिठ्ठीवर लिहून एकदम उघडा. सारखंच निघालं तर पुन्हा लिहा.