कागदी सॅटर्न ५: नळकांडे गोल का होत नाही?

प्रश्न: सॅटर्न ५ या अग्निबाणाची १:१४४ प्रमाणातील प्रतिकृती मी १६० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाच्या) कार्डशीटमधून करत आहे. मूळ अग्निबाण सुमारे ११०.६ मीटर उंच असल्यामुळे प्रतिकृती साधारण ७७ सेंटिमीटरची होईल. परंतु पहिल्या टप्प्याचे नळकांडे गुंडाळताना त्यावर उभ्या चुण्या पडतात आणि सांधा उठून दिसतो. काय चुकत असावे?

उत्तर: बहुधा कागदाच्या तंतूंची दिशा चुकली असावी. कार्ड दोन्ही दिशांनी हलके वाकवून पाहावे. ज्या दिशेने ते सहज वाकते त्याच दिशेने गुंडाळावे, म्हणजे तंतू नळकांड्याच्या लांबीला समांतर राहतात. चिकटवण्यापूर्वी कार्ड मऊ पृष्ठभागावर ठेवून त्यावरून गोल दांडा दाबून फिरवावा.

दुसरे उत्तर: सांध्याविषयी माझे मत ठाम आहे. कडेवर कड चढवू नये. दोन्ही कडा एकमेकींना भिडवून आतून पातळ कागदाची पट्टी चिकटवावी आणि दोन्ही टोकांना जाड पुठ्ठ्याच्या चकत्या बसवाव्यात. या प्रमाणात त्यांचा व्यास सुमारे ७ सेंटिमीटर येतो, मात्र त्यातून कार्डाच्या जाडीची दुप्पट वजा करणे आवश्यक आहे.

प्रश्नकर्ता: भाग चुकीच्या दिशेने छापला होता, हेच कारण निघाले. नवा भाग उद्या कापतो.